मयतवालं ॲप

कोणी नवीन ॲप आल्याचं सांगितलं की माझं डोकंच फिरतं. परवा स्टाफरूममध्ये आमच्या हिंदीच्या मॅडम फोन नाचवत आल्या, "मॅडम, ये डाउनलोड करो ना, बहुत मस्त है, सगळे आहेत त्याच्यावर." मी म्हटलं, किती दिवस? त्यांना कळलंच नाही. म्हणाल्या, "फ्री आहे मॅडम." मी म्हटलं, फ्री असू दे हो, टिकणार किती दिवस ते सांगा. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. जाऊ दे. त्यांचा काय दोष? त्यांच्या घरात कोणी ॲप बनवलं नव्हतं. आमच्या घरात बनवलं होतं.

मी बऱ्हाणपूरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. त्याआधी आम्ही नवरा-बायको पुण्यात होतो. नवरा तिथे एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामात होता. सासूबाई गेल्या, इकडे सासरे एकटे पडले, त्यातच तो महामारीचा काळ आला आणि आम्ही बोचकी बांधून गावी आलो ते आलोच. नवऱ्याला समोर मी 'अहो' म्हणते, पण इथे 'तो' लिहिणार आहे. लिहिताना तरी मोकळं बोलू द्या.

त्या दिवसांत सरकारने नाचगाण्याचं ते परदेशी ॲप बंद केलं होतं. त्याच्या रिकाम्या जागेवर देशी ॲपं अशी उगवली की विचारू नका. आज एक आलं, उद्या दुसरं. प्रत्येकाची जाहिरात तीच, आपलं ॲप, आपली भाषा, आपले लोक. माझ्या वर्गातल्या पोरी या फांदीवरून त्या फांदीवर. एक पोरगी किल्ल्यावर जाऊन नाचायची आणि व्हिडिओ टाकायची. गावात तिला लोक ओळखायला लागले होते, दुकानदार तिला थांबवून मावा जिलेबी खाऊ घालायचे. एका सकाळी ते ॲप उघडेचना. कंपनीने गाशा गुंडाळला होता. पोरगी वर्गात रडून डोळे लाल करून बसली, "मॅम, मेरे सारे फॉलोअर्स गए." मी तिला म्हटलं, समीकरण सोडव आधी. आता वाटतं, जरा जवळ बसवायला हवं होतं तिला.

नवरा मात्र हे सगळं बघून खूश होता. रात्रीच्या जेवणाला बसला की त्याचं सुरू. "यांची सगळ्यांची चूक एकच आहे. प्रत्येकाला अख्खा देश पाहिजे. मोठ्या परदेशी कंपन्यांपुढे यांचा काय पाड लागणार? मी एक गाव धरतो. फक्त बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरच्या माणसाला सकाळी उठल्यावर जे पाहिजे ते सगळं एका ठिकाणी. मग बघू कोण हलवतं मला."

बाबा, म्हणजे माझे सासरे, सिंचाई विभागात बाबू होते. आयुष्यभर फायलींत डोकं घालून बसलेला माणूस. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "सकाळी उठून बऱ्हाणपूरच्या माणसाला काय पाहिजे रे? आधी संडास पाहिजे, मंग चहा."

"बाबा, तुम्ही पण ना यार."

"नाही, मी विचारू राह्यलो फक्त."

पण मनातून त्यांना बरं वाटत होतं. पोरगा पुण्याला परत जाणार नव्हता ना. ॲप चाललं तर तो इथे राहणार, नाही चाललं तर पुण्याच्या जुन्या मित्राच्या कंपनीत जाणार, हे घरात उघड ठरलेलं होतं. मित्र दर महिन्याला फोन करायचा. नवरा म्हणायचा, थांब, दिवाळीपर्यंत बघतो. दिवाळी झाली की, थांब, अक्षय्य तृतीयेपर्यंत बघतो.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. गावाने रोज सकाळी त्याचं ॲप उघडावं. पैसा नंतर येईल म्हणायचा. आधी सवय लागली पाहिजे, माणूस टिकला पाहिजे. 'टिकला पाहिजे' हा शब्द मी त्या वर्षांत इतका ऐकला की कपाळावरची टिकली लावतानासुद्धा मला राग यायचा.

सुरुवात झोकात झाली, खोटं कशाला बोलू. केळीचे भाव टाकले. लाइट कुठल्या भागात जाणार ते टाकलं. नळाला पाणी कधी, मंगल कार्यालयं कुठली मोकळी, वाढदिवस, दहावीचे निकाल. स्वतः मोटारसायकलवर बॅनर बांधून निंबोल्याला गेला, जसोंडीला गेला, पारावर बसून एकेकाच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं. उन्हाने काळाठिक्कर पडून यायचा. मी म्हणायचे, अहो, टोपी तरी घाला. तो म्हणायचा, अगं आज जसोंडीचं निम्मं गाव आलं आपल्याकडे. डोळे असे चमकायचे की मला पुढे बोलवायचं नाही.

मग एकेक जण लचका तोडायला लागला. एका पुढाऱ्याच्या भाच्याने तसंच ॲप सुरू केलं आणि जो घेईल त्याला स्टीलचा डबा फुकट दिला. डब्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन डबे आणले, एक मला दाखवायला घेऊन आल्या. "चांगला जाड आहे गं," म्हणाल्या. भाच्याचं ॲप डबे संपल्यावर महिन्याभरात बसलं, पण बसता बसता आमचे अर्धे लोक घेऊन गेलं. ते परत आलेच नाहीत. एकदा उठलेला माणूस परत त्याच जागेवर बसत नाही.

त्यानंतर इंदूरहून एका मोठ्या कंपनीचं बातम्यांचं ॲप आलं. त्यांनी आमच्याकडे केळीचे भाव टाकणारा माणूसच उचलला. मग भाव टाकायला मेसेजचे ग्रुप निघाले, केळीवाल्यांचा वेगळा, कापूसवाल्यांचा वेगळा. फोनमध्ये आधीपासून असलेलं मेसेजवालं ॲप सोडून कोण कशाला दुसरीकडे जाईल? लग्नपत्रिका स्टेटसवर गेल्या. लाइट गेली की लोक ग्रुपवर एकमेकांना शिव्या देत विचारायला लागले, आणि ती बातमी आमच्या ॲपपेक्षा आधी पोचायची. नवऱ्याने रंग बदलला, अक्षरं मोठी केली, एकदा तर गावचे विनोद म्हणून एक कोपरा सुरू केला. विनोद मलाच लिहायला लावले. मी गणिताची बाई, माझ्या विनोदावर कोण हसणार! बाबा एकटे हसायचे, तेही मला बरं वाटावं म्हणून.

एक गोष्ट मात्र राहिली. मयताच्या बातम्या.

ते काम नवरा फार मनापासून करायचा. कोणी गेलं की घरातला माणूस फोन करायचा. नवरा नीट फोटो मागवायचा, त्याला साधी चौकट करायचा. अंत्ययात्रा कुठून निघणार, किती वाजता, तापीच्या कुठल्या घाटावर, दारावर यायचं तर कोणत्या दिवशी, सुतक फिटतानाची गंधमुक्ती कुठे, सगळं तपासून टाकायचा. आमच्याकडे कोणी गेलं की घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात, आणि त्यात चुकलेलं लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. अमक्याच्या वडिलांना तमका दारावर आला नाही म्हणून मोडलेल्या सोयरिकी मला माहीत आहेत. तेव्हा ही बातमी अचूक लागायची, आणि ग्रुपवरच्या बातमीत नेहमी गोंधळ असायचा. एकदा तर एका ग्रुपने जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली होती. आमच्याकडे असं कधी झालं नाही.

त्यामुळे गावात कुजबुज झाली की लोक विचारायचे, "मयतवाल्या ॲपवर आलं का?" हे नाव त्याला गावानेच दिलं. नवऱ्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून म्हणाला, चला, कशासाठी का होईना, येतात तर. पण ते हसू काही खरं नव्हतं.

आणि मग ती विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. ज्या दिवशी गावात कोणी मोठं माणूस जायचं, त्या सकाळी त्याच्या लॅपटॉपवर आकडा भराभर चढायचा. लोक ॲप घ्यायचे. संध्याकाळपर्यंत तो जिथे होता तिथे परत. तेच लोक ॲप उडवून टाकायचे. पुढच्या मयताला पुन्हा घ्यायचे, पुन्हा उडवायचे. नवऱ्याला वाटलं ॲपमध्येच काही बिघाड आहे. फोन गरम होतो का, बॅटरी खातं का, जागा फार घेतं का. पाच-सहा जुने फोन घेऊन दिवसदिवस बसायचा. जेवायला हाक मारली तर "हं" एवढंच. पुण्याच्या मित्राला विचारलं, तो म्हणाला असं मी जगात कुठे पाहिलेलं नाही. मी म्हटलं, तुमचा मित्र बऱ्हाणपूरला आलाय का कधी?

बिघाड कशात होता ते मला कळलं, आणि तेही आमच्या ओट्यावरून. शेजारच्या काकूंचा एक लांबचा मामेभाऊ रावेरकडे वारला होता. काकूंना कोणीतरी सांगितलं, बातमी मयतवाल्या ॲपवर आहे. त्या बाहेर आल्या, त्यांच्या ओट्याच्या खाली चपला घालून उभ्या राहिल्या, ॲप घेतलं, बातमी वाचली. "अरे देवा," म्हणाल्या, दोन क्षण डोळे मिटले. मग तिथेच उभं राहून त्यांनी ॲप उडवलं, बाहेरच्या नळावर हात धुतले, पायावर पाणी घेतलं आणि घरात शिरायला निघाल्या.

मी विचारलं, "काकू, ॲप का काढून टाकलं?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माहेर जळगावकडचं असून हिला एवढंही कळू नये. "अगं, मयताचं पत्र कोणी घरात ठेवतं का? वाचलं की फाडायचं. बाहेरच्या बाहेर. माझ्या सासूबाई तर कार्ड उंबऱ्याच्या आत आणू द्यायच्या नाहीत. घरात सून पोटुशी आहे माझी. तुझ्या नवऱ्याचं चांगलं आहे गं काम, पुण्य लागतं त्याचं. पण घरात नाही ठेवता येत."

मला हसावं का रडावं कळेना. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो फोनचा पेचकस हातात घेऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझं ॲप चांगलं आहे."

"हो, चांगलंच आहे."

"चांगलं आहे म्हणून फाडतात."

मी म्हटलं, अहो, चहा घेता का. दुसरं काय म्हणणार? इतक्या कंपन्यांशी भांडला माणूस, डब्यांशी भांडला, ग्रुपशी भांडला. काकूंच्या सासूबाईंशी कसा भांडणार? त्या जाऊन वीस-बावीस वर्षं झाली.

तरी त्याने धडपड केली. मयताचा भाग वेगळा केला, त्याला वेगळं दार दिलं, वर गणपतीचं चित्र लावलं, लग्नाच्या जाहिराती फुकट केल्या. एक गृहस्थ मुलीचं लग्न टाकायला तयार झाले होते, घरी आले, चहा घेतला, आणि फोनवर पाहता पाहता ताडकन उठले. "क्या भिया, मेरी बेटी का कार्ड और बाजूला हा हार घातलेला फोटो? दिमाग ठिकाने पे है?" वेगळं दार आहे, दुसऱ्या पानावर आहे, किती सांगितलं. "एकाच घरात ना दोन्ही? मग झालं." निघून गेले. चहाही पुरा प्यायले नाहीत.

या सगळ्यात बाबा एकटे मजेत होते. त्यांना त्या ॲपमध्ये अशुभ-बिशुभ काही दिसत नव्हतं. म्हणायचे, "माझ्या वयाला हीच बातमी कामाची. बाकी केळीचा भाव घेऊन मी काय करू?" आम्ही राहतो गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत. बाबा रोज सकाळी ऑटोने शनवाऱ्याला, जुन्या गावातल्या चौकात, जायचे. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांची मंडळी जमायची. सगळे रिटायर. त्यातले एक जण बारा महिने कानटोपी घालायचे, मे महिन्यातसुद्धा. त्यांना आम्ही कानटोपीवाले काकाच म्हणायचो. बाबांनी त्या सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप घालून घेतलं होतं आणि दम दिला होता, "पोराचं आहे. कोणी उडवायचं नाही. उडवलं तर माझ्याशी बोलायचं नाही."

आणि त्यांनी ते खरंच कधी उडवलं नाही. मेसेजवाल्या ॲपचा त्यांना तसाही उपयोग नव्हता. कानटोपीवाल्या काकांनी एकदा कुठल्यातरी फसव्या लिंकवर बोट ठेवलं होतं, तेव्हापासून त्यांच्या मुलाने ते ॲपच फोनमधून काढलं. त्यांचं ऐकून बाकीच्यांच्या मुलांनीही काढलं. म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये मग बोलणं, टॉर्च आणि आमचं ॲप एवढंच राहिलं. सकाळी पायरीवर बसायचं, कट चहा मागवायचा, चष्मे लावायचे आणि आज कोण गेलं ते बघायचं. कोणी नसेल तर एकमेकांकडे बघून म्हणायचे, "आज सगळे आहेत." मग गप्पा. बाबा घरी येऊन मला हे सगळं रंगवून सांगायचे. मी म्हणायचे, बाबा, सकाळी सकाळी काय हे. ते म्हणायचे, "अवं, तुमी लोकं पेपरात राशिभविष्य पाह्यता ना? आमचं हेच."

एकदा मी नवऱ्याला म्हटलं, रोज उघडणारे आहेत की तुमच्याकडे. बाबांची मंडळी एक दिवस चुकत नाहीत.

तो म्हणाला, "ते धरू नको गं. ते बाबांचे लोक. ते काय युजर आहेत?"

त्या थंडीत त्याने पुण्याला होकार कळवला. मकर संक्रांत झाली की जायचं, ॲप बंद करायचं. बाबांना सांगितलं. बाबा नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मंडळीला मी सांगीन सावकाश." आणि शेगडीजवळ जाऊन बसले. मला भडभडून आलं. बोलून काय झालं असतं? माणसाने किती वर्षं भिंतीवर डोकं आपटायचं?

संक्रांतीच्या आधीच बाबा गेले. सकाळी अंघोळ करून, कपडे घालून पलंगावर बसले होते, ऑटोवाल्याची वाट बघत. मी चहा घेऊन गेले तर मान कलली होती. डॉक्टर आले, त्यांनी नुसता हात धरून सोडून दिला.

मग जे होतं तेच झालं. नणंदांना फोन, भटजींना फोन, नवऱ्याचे चुलतभाऊ आले, कोणी बांबू आणायला गेलं, कोणी मडकं. चुलतभावाने विचारलं, "काढायचं किती वाजता? बातमी टाक, लोकांना कळलं पाहिजे." नवरा कोपऱ्यात फोन घेऊन उभा होता. मी पाहिलं, तो मेसेजच्या ग्रुपवर टाकत होता. नातेवाइकांचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, समाजाचा ग्रुप. एकामागून एक.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आपल्या ॲपवर?"

"आता माणसं यायला पाहिजेत गं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

खरंच होतं ना. बाबांना खांदा द्यायला माणसं पाहिजेत, आणि माणसं तिकडे होती. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक घरच्या मयताची बातमी अचूक टाकणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाची तिथे टाकली नाही. मला त्या क्षणी बाबा गेल्याचं जितकं वाईट वाटलं, तितकंच हेही वाटलं. कोणाला सांगायची सोय नव्हती.

माणसं आली. भरपूर आली. रावेर, भुसावळहून गाड्या आल्या. माझ्या शाळेतले आले, निंबोल्याचे, जसोंडीचे आले, पुढाऱ्याचा भाचासुद्धा हार घेऊन आला. दुपारी तापीवर सगळं उरकलं. फक्त शनवाऱ्याच्या पायरीवरचे कोणी आले नाहीत. एकही नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला असा संताप आला! रोजचा चहा एकत्र, रोजच्या गप्पा, आणि माणूस गेला तर एकाला ऑटो करून यावंसं वाटू नये? मी नणंदेजवळ बोलून दाखवलं, बघितलंत ना, कसली मैत्री. सगळं तोंडदेखलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून पुरुष परत आले होते. अंगणात सतरंजीवर दारावर आलेले लोक बसले होते. फाटकाशी एक ऑटो थांबली. कानटोपीवाले काका काठी टेकत उतरले. त्यांनी आत येताना कोणाकडे पाहिलं नाही. सरळ नवऱ्यासमोर येऊन उभे राहिले. नवरा उठला, त्यांचा हात धरायला गेला. त्यांनी हात सोडवून घेतला.

"काबरं टाकलं नाही रे?"

नवऱ्याला कळलं नाही. "काय काका?"

"तुझ्या बापाची बातमी. काबरं टाकली नाही?"

सतरंजीवरचे लोक वळून पाहायला लागले. काकांचा आवाज चढला. "आमी रोज पाह्यलं. तो गेला त्या दिवशी सकाळी पाह्यलं, काल पाह्यलं, आज पाह्यलं. तो आला नाही म्हनून फोन लावला, बंद. म्हटलं थंडी आहे, खोकला असंन. ॲप उघडलं. कोनाचीच बातमी नाही. म्हटलं चला, आज सगळे आहेत. चहा पेलो आमी. दोन दिवस पायरीवर बसून चहा पेलो, हसलो आमी. आज चहावाल्यानं सांगितलं, त्याला कोनाच्या तरी स्टेटसवर दिसलं. त्याची राख झाली आन् आमी हसू राह्यलो होतो."

नवरा उभाच होता. त्या गर्दीत बाबांचा फोन कुठे पडला, कधी बंद झाला, आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पायरीवरच्या लोकांना कळवायचं, हे घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"काका, मला वाटलं त्याच्यावर कोणी नाही आता," तो कसाबसा म्हणाला.

"आमी होतो ना."

एवढं बोलून काका थकले. मी खुर्ची आणली, ती त्यांनी नको म्हटली, ओट्याच्या कडेला बसले. कोटाच्या खिशातून फोन काढला आणि मांडीवर ठेवला. "आता टाक," म्हणाले. "बाकीचे घरी पाहत बसले आहेत. त्यांच्यानं आता इथपर्यंत येववत नाही. टाक."

"आता टाकून काय करायचं काका? सगळं झालं."

"तू टाक."

नवरा आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि काकांच्या शेजारी जमिनीवर बसला. आम्ही सगळे बघत होतो. त्याने बाबांचा फोटो लावला, साधी चौकट केली. नाव लिहिलं. वय लिहिलं. अंत्ययात्रेच्या वेळेशी येऊन त्याचा हात थांबला. ती वेळ लिहिल्याशिवाय बातमी पुढे जात नसे, त्यानेच तसं करून ठेवलं होतं. त्याने त्या दिवशीची खरी वेळ लिहिली. होऊन गेलेली. घाट लिहिला. दारावर यायचे दिवस लिहिले, गंधमुक्तीचं ठिकाण लिहिलं. एकेक अक्षर पुन्हा तपासलं, दुसऱ्या कोणाच्या घरचं असतं तर तपासलं असतं तसं.

काकांच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. नाव वाचलं. वय वाचलं. कुठून निघणार, किती वाजता, कोणता घाट, सगळं शेवटपर्यंत वाचलं. फाटकातून आल्यापासून त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. वाचून झाल्यावर त्यांनी कानटोपी काढली. मी त्यांचं डोकं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"गेला रे," ते म्हणाले, आणि मोठ्याने रडायला लागले.

नवरा खाली बसून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या ॲपवरची बातमी कोणी अशी वाचताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं.